छातीतला जुना डाग

बॅगताईचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं फुटपाथवर उभं राहायचं. भिंतीवर खिळ्यांना चेनींच्या माळा लटकलेल्या, पत्र्याच्या डब्यांत रिव्हेटं आणि बकलं, कोपऱ्यात सुटकेसच्या निखळलेल्या चाकांचा ढीग, आणि मधोमध वडिलांच्या हातचं काळं शिलाई मशीन. तुटलेलं हँडल असो, उसवलेला पट्टा असो की दात पडलेली चेन, वस्तू तिच्या हातात गेली की मार्गी लागली समजायचं. मात्र बोलण्याच्या बाबतीत ती हिशेबी. काम झालं की बॅग पुढे सरकवायची, "बघून घ्या" म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

शेजारच्या चष्मेवाल्याचं दुकान तिच्याएवढंच जुनं. बायको गेल्यापासून तो रोज दुपारी दारात येऊन विचारायचा, "ताई, चहा?" ती मान वर न करता म्हणायची, "नंतर बघू." इतकी वर्षं हे चाललं होतं. चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा की ताईंच्या 'नंतर'चा नंबर बसवायला अजून भिंग निघायचंय.

लग्न तिनं केलं नव्हतं. एकदोन स्थळं आली होती, एक तर बरंच पुढं गेलं होतं, पण माणूस जवळ यायला लागला की तिच्या आत काहीतरी मागं सरकायचं. साठीला टेकली तरी ते तसंच राहिलं. दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी शटर ओढायचं, जिना चढायचा, एका माणसापुरतं काहीतरी शिजवायचं. तिला त्याचं दुःख होतं असं नाही. तिला ते नेहमीचं झालं होतं.

मग हात दुखायला लागले. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ वळायची नाही. बरेच महिने तिनं दुखणं अंगावर काढलं. पण एक दिवस जाड चामड्यात आरी घालताना ती हातातून सुटली आणि पुन्हा धरताच येईना, तेव्हा कुठं ती सांध्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं सांगितलं की तिच्या शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरली आहे. घरचे सांधे तिला शत्रू वाटायला लागलेत आणि ती त्यांच्यावर तुटून पडली आहे. आधी सूज उतरवणाऱ्या गोळ्या झाल्या. त्यांनी भागेना, तेव्हा तपासण्या करून इंजेक्शनं सुरू केली.

इंजेक्शनांनी जादू केली. बोटं सुतासारखी सरळ आली. मागं पडलेली कामं तिनं झपाट्यानं उरकली, आणि एकदा तर चष्मेवाल्याच्या लेकीचं दप्तर न मागता नवं करून दिलं. तो चाट पडला.

पण हे सुख फार टिकलं नाही. संध्याकाळ झाली की अंगात कणकण यायची. कपडे ढगळ व्हायला लागले. खोकला लागला, तो जाईना. तिनं आधी रेक्झिनच्या धुळीवर खापर फोडलं, मग हवेवर. शेवटी चष्मेवालाच दारात येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या खोकल्यानं माझ्या शोकेसमधल्या काचा हलतायत. दाखवून या बरं."

छातीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी स्कॅन काढून घेतला, पडद्यावर लावला आणि छातीच्या वरच्या भागातली एक पांढुरकी गाठ दाखवली. म्हणाल्या, दोन शक्यता आहेत. एक तर कॅन्सर, नाहीतर टीबी. तिनं विचारलं की एवढ्या मोठ्या मशीनला त्या दोघांत फरक कळत नाही का.

"नाही कळत कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघंही फसवण्यात तरबेज. कॅन्सर आपल्याच पेशींतून उठतो, म्हणून राखण करणाऱ्या पेशी त्याला घरचाच समजतात. एखादीला संशय आलाच, तर तिला गप्प करायच्या खुणाही त्याला ठाऊक असतात. टीबीचा जंतू परका, पण लपण्यात त्याचा हात धरणारा नाही. सुई घालून तुकडा काढल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

तुकडा काढला, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. दुकानात हात चालत होते म्हणून बरं. वर गेलं की घर खायला उठायचं. कुणाला तरी सांगावं असं पहिल्यांदाच वाटलं, आणि सांगायला कोण आहे याची मोजदाद करायला गेली तर ती आत्यापाशी सुरू झाली आणि आत्यापाशीच संपली. आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. ती आता ऐंशी ओलांडून गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकासुनेकडे राहत होती. बॅगताई महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायची. तिनं फोन केला. आत्याला फोनवर धड ऐकू येत नव्हतं. "सर्दी झालीय," एवढंच सांगून तिनं फोन ठेवला.

रिपोर्ट टीबीचा आला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा बरा होणारा आजार आहे, गोळ्या न चुकता घ्यायच्या. बॅगताईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिला रागच आला. एकटी राहते, कुणाच्या घरी जात नाही, कुणी तिच्याकडे येत नाही. हा आजार आला तरी कुठून?

"नवा आलेला नसावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक आधीपासूनच आत होता."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. जंतू श्वासातून आत जातो. छातीत राखणीला बसलेल्या पेशी असतात, परकं काही दिसलं की गिळून टाकणाऱ्या. गिळलेलं त्या एका पिशवीत घालतात आणि पिशवीत आम्ल सोडून त्याचा निकाल लावतात. पिशवी म्हटल्यावर बॅगताईनं कान टवकारले.

"हा मात्र पिशवीत पडल्यावर आम्ल यायची वाटच बुजवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ज्यानं त्याला गिळलं, त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो."

"मग शरीराला पत्ताच लागत नाही?"

"लागतो, पण मारता येत नाही. म्हणून बाकीच्या पेशी भोवती जमतात, दाटीवाटीनं कडं करून बसतात. आतला बाहेर पडू शकत नाही, बाहेरच्यांना आतल्याला संपवता येत नाही. तोही मग हातपाय आखडून निजल्यासारखा पडून राहतो. माणसाला काहीच कळत नाही. कित्येकांचा जन्म असाच जातो."

इंजेक्शनांनी ते कडं सैल झालं होतं. शरीर ज्या निरोपावर सांधे सुजवतं, त्याच निरोपावर ते कडंही उभं असतं. इंजेक्शननं निरोप अडवला, तेव्हा हात मोकळे झाले आणि आतलाही मोकळा झाला. आधीच्या तपासणीत तो सापडला नाही, कारण तेव्हा ती सुजेच्या गोळ्यांवर होती आणि त्या गोळ्यांमुळे तपासणीही कधीकधी चकते. यात कुणाचा दोष काढता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर गाठीच्या खाली बोट ठेवलं. तिथं एक लहानसा, खडूसारखा पांढरा ठिपका होता.

"हा डाग जुना आहे. चुना धरलाय त्यानं. लहानपणचाही असू शकेल. घरात कुणाला टीबी होता का?"

"आईला," बॅगताई म्हणाली. "पण मी तिच्याजवळ नव्हते. मला आत्याकडे ठेवलं होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

हे ती इतक्या सहज म्हणाली, कारण तिला तेच माहीत होतं. आत्यानं सांगितलेली गोष्ट तिला पाठ होती. आई आजारी पडली तशी तिनं लगेच पोरीला आत्याच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. मागं वळूनही पाहिलं नाही. मग तिला गावाबाहेरच्या टेकडीवरच्या इस्पितळात नेलं आणि ती तिथंच वारली. तेव्हा बॅगताई चारेक वर्षांची असेल. वडील मशीनवर बसून असायचे. त्यांनी या गोष्टीत कधी एका शब्दाची भर घातली नाही की एक शब्द खोडला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईकडूनच आला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कुठूनही येऊ शकतो. पण हा आजार रस्त्यात गाठ पडलेल्या माणसाकडून सहसा होत नाही, ताई. एका खोलीत, एका हवेत, बरेच दिवस राहावं लागतं. लहान मुलांना बहुतेक वेळा जवळ घेऊन झोपणाऱ्या माणसाकडूनच होतो."

ती गोळ्यांची पुडकी घेऊन घरी आली. पहिले काही आठवडे घराबाहेर पडायचं नव्हतं, माणसांत मिसळायचं नव्हतं. दुकानाचं शटर बंद राहिलं. ज्यांच्या बॅगा तयार होत्या त्यांना चष्मेवाल्यानं त्या देऊन टाकल्या. काहींना कसला आजार ते कळलं आणि ते आपली बॅग न्यायला आलेच नाहीत. चष्मेवाल्यानं हे तिला सांगितलं नाही, पण शेल्फवर उरलेल्या बॅगा पाहून तिला नंतर कळलंच. तो रोज सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर दूध, अंडी, ब्रेड ठेवायचा, दार वाजवायचा आणि खाली उतरून जायचा. ती दार उघडायची तेव्हा त्याच्या चपलांचा आवाज खालच्या वळणावर पोचलेला असायचा.

एकटेपण तिला नवं नव्हतं. पण आजवरचं तिचं तिनं निवडलेलं होतं, किंवा तिला तसं वाटत होतं. हे लादलेलं होतं. खिडकीत बसून ती समोरच्या गल्लीत येणारीजाणारी माणसं पाहायची आणि डॉक्टरीणबाईंचं ते शेवटचं वाक्य उलटसुलट करून बघायची. जवळ घेऊन झोपणारं माणूस. ती आईला आठवायचा प्रयत्न करायची. चेहरा यायचा नाही, आवाज यायचा नाही. यायचा तो फक्त एक दरवाजा, आणि तोही बहुधा आत्याच्या गोष्टीतलाच असावा.

बाहेर पडायची परवानगी मिळाल्यावर ती आत्याकडे गेली. खरं तर आधी दुकान उघडायला हवं होतं. आत्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर शाल. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बॅगताईनं हलक्या आवाजात विचारलं, "आत्या, आईनं मला तुझ्याकडे कधी दिलं?"

"काय?"

तिनं जरा मोठ्यानं विचारलं. आत्यानं पुन्हा कानाशी हात नेला. तिसऱ्यांदा तिला ओरडूनच विचारावं लागलं, आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. जन्मात ज्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं, ते असं साऱ्या घराला ऐकू जावं याची तिला लाज वाटली. आत्यानं प्रश्न ऐकला, आणि कानातलं मशीन काढून शालीवर ठेवलं. नको ते बोलणं निघालं की ती हेच करायची. तिच्या लेकानं त्याला 'शटर' असं नाव दिलं होतं.

बॅगताई उठली नाही. सूनबाईंनी चहा आणून ठेवला, काही न विचारता आत गेल्या आणि या खेपेला दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं आत्यानंच मशीन उचलून पुन्हा कानात घातलं.

"आज एकदम काय आठवलं तुला?"

बॅगताईनं आजाराचं सांगितलं. सर्दी नव्हती, हे होतं. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की लहानपणापासून आत आहे. आत्यानं शाल गच्च धरली.

"म्हणजे दिलंच तिनं तुला," ती म्हणाली. "मला तेव्हाच भीती होती."

मग ती बोलायला लागली, सलग नाही, मधेच थांबत. वहिनीला खोकला कितीतरी आधीपासून होता. उशी तोंडावर धरून खोकायची, म्हणजे आवाज जाऊ नये. कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर पोरीला वेगळं काढलं असतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. अख्खा हिवाळा ती पोरीला कुशीत घेऊन निजली. पोरही अशी, की आईच्या गळ्यात हात टाकल्याशिवाय डोळा मिटायची नाही. मग एक दिवस उशीवर रक्त दिसलं आणि सगळं उघडं पडलं.

"मग तिनं मला तुझ्याकडे दिलं."

"दिलं नाही," आत्या म्हणाली. "मी ओढून घेतलं तुला. ती सोडत नव्हती. तुझा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हापुन्हा बंद पडत होती.

"तू तर म्हणायचीस, तिनं मागं वळून पाहिलं नाही."

"तू दारात बसून राहायचीस, बबे. खायची नाहीस. आई कधी येणार, एवढंच. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती काही यायची नाही. मी तरी काय करणार होते? एक दिवस म्हटलं, तिला तू नको आहेस, तिनंच दिलं तुला. तू खूप रडलीस. आणि दुसऱ्या दिवशी जेवलीस. मला वाटलं, सुटलं पोर."

"मोठी झाल्यावर तरी सांगायचंस."

"तू विचारलंस कधी?" आत्या म्हणाली. "आणि मला तिचा राग होता. अजून आहे. ठाऊक असून तिनं तुला जवळ घेतलं."

घरी परतताना बॅगताई बसमध्ये बसली नाही, चालत आली. आई तिला धरून ठेवत होती. आई तिला धरून ठेवत होती आणि तेच तिच्या छातीत शिरलं होतं. यातलं कुठलं आधी मनात ठेवायचं ते तिला कळेना. ज्या एका गोष्टीवर तिनं आपला सगळा स्वभाव बेतला होता, ती गोष्टच खोटी निघाली होती, आणि स्वभाव मात्र पुरता शिवून तयार होता. तो उसवायचं वय आता राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन ती चहा निवेपर्यंत बसून राहिली. आईचं म्हणून तिच्याजवळ काहीच नव्हतं, ना एखादा दागिना, ना एखादं कापड. हे एवढंच होतं, आणि ते मारायला या गोळ्या होत्या. विचार मनात आला तेव्हाच तो वेडेपणा आहे हे तिला कळलं. तिनं गोळ्या गिळल्या, कप विसळला आणि खाली जाऊन शटर वर केलं.

उपचार लांबले, पण लागू पडले. खोकला गेला, अंगावर मांस धरलं. इंजेक्शनं मात्र बंद होती, त्यामुळे बोटांच्या सुजेनं पुन्हा डोकं वर काढलं. सांध्यांच्या डॉक्टरनं दुसरं, सौम्य औषध दिलं. त्यावर अर्धं दुखणं कमी झालं आणि अर्धं तिनं सोसायचं ठरवलं. जाड चामड्याची कामं ती परत पाठवायला लागली.

एकदा दुपारी चष्मेवाल्यानं सवयीनं चहाचं विचारलं आणि ती उठून त्याच्याबरोबर गेली. तो इतका गडबडला की त्यानं दोनदा साखर घातली. ती स्टुलावर बसली. आईबद्दल त्याला सांगायचं तिच्या मनात होतं. पण तो नव्या फ्रेमच्या कंपनीबद्दल बोलत राहिला, ती हं हं करत राहिली, आणि कप रिकामा झाला. सांगायला सुरुवात कुठून करतात, हेच तिला ठाऊक नव्हतं. "बरा झालाय चहा," एवढं म्हणून ती परत आली. त्यानंतर ती अधूनमधून जायची. ते मात्र राहूनच गेलं.

शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ विरली होती. खडूसारखा ठिपका होता तसाच होता. तो राहणारच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत आता जिवंत काही नसावं. "नसावं?" तिनं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की याच्या बाबतीत याहून पक्कं कुणी बोलत नाही.

आत्याकडे ती आता दर आठवड्याला जायला लागली होती. तो विषय पुन्हा निघाला नाही. आत्याचं भान झपाट्यानं सुटत चाललं होतं. कधी लेकाला भाऊ समजायची, कधी सकाळच झाली नाही म्हणून जेवण नाकारायची. सूनबाई दमून गेल्या होत्या, म्हणून बॅगताई आली की त्या तेवढ्यात बाजार करून यायच्या.

अशाच एका दुपारी घरात त्या दोघीच होत्या. बॅगताईनं गुडघ्यांवरून घसरलेली शाल घडी करून मांडीवर घेतली आणि आत्याशेजारी बसली. आत्या डोळे बारीक करून तिच्याकडे, मग मांडीवरच्या त्या घडीकडे बघत राहिली. कानात मशीन नव्हतं. तिचा आवाज एकदम तरणा आणि कडक झाला.

"वहिनी, पोरीला दे आता माझ्याकडे."

बॅगताईला आधी वाटलं, चुकीचं ऐकलं. आत्यानं दोन्ही हात पुढं केले होते. ते मागं हटत नव्हते. आत्याला सांगता आलं असतं की मी बबी आहे. ते ओरडून सांगावं लागलं असतं.

तिनं शाल छातीशी धरली. आत्याच्या कानाजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "थोडा वेळ राहू द्या की, वन्सं."

आत्यानं हात हळूच खाली घेतले.

"थोडाच वेळ हं," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून डोळे मिटले.

सूनबाई यायला अवकाश होता. बॅगताई तशीच बसून राहिली, शालीला आत्याच्या अंगाची ऊब होती ती जाईपर्यंत.